ग्रामस्थांच्या पुढाकाराने

वडदरे गावात चहाला उकळी फुटायच्या आत वार्तापेटी बोलू लागे. प्रत्येक घरात, ओट्याशेजारच्या भिंतीवर ही पेटी होती. तिच्यातलं यंत्र गावातल्या घडामोडी टिपून स्वतःच बातमी रचायचं आणि शेजारच्या बाईसारख्या आवाजात सांगायचं. कुणाची म्हैस व्याली, कुणाचं पोरगं पोलिसात लागलं, पाणी कधी सुटणार. जगाच्या बातम्यांना लोक केव्हाच विटले होते. पण आपल्या गावाची बातमी म्हटली, की माणूस हातातला घास हातात धरून ऐकतो.

यात्रेच्या दिवशी डॉ. उर्मिला चौबळ गावात उतरली ती याच पेटीपायी. ती पुण्याच्या एका संस्थेत समूहवर्तनाचा अभ्यास करायची; पेट्या याच संस्थेनं बसवल्या होत्या. पुढारी जन्माला येतो, की नाव ऐकून ऐकून लोकच त्याला घडवतात, हा तिचा प्रश्न. वडदरे तिनं निवडलं ते इथल्या मानाच्या नारळासाठी. हा मान घराण्याचा नव्हता. देवळापुढे जमलेला गाव मोठ्यानं एक नाव पुकारी आणि ज्याचं नाव, त्यानं नारळ फोडायचा. वर्षातून एकदा गाव आपला पुढारी स्वतःच्या तोंडानं सांगतो, संशोधकाला आणखी काय हवं?

नारळ बरीच वर्षं शालन ताटे यांच्याकडे होता. पाणीवाटपाची भांडणं त्या मिटवायच्या, गुरांच्या डॉक्टरला धरून आणायच्या. वर्षापूर्वी उर्मिलानं पेटीला दोन सूचना दिल्या. चिठ्ठी टाकून निवडलेल्या उत्तम शेवाळे या साध्यासुध्या माणसाचं नाव रोज एकदा घ्यायचं. आणि शालनताईंचं कधीच घ्यायचं नाही. खोटं काहीच सांगायचं नव्हतं. शालनताईंनी शिबिर भरवलं, की पेटी म्हणे, ‘ग्रामस्थांच्या पुढाकाराने शिबिर पार पडले.’ बातम्यांच्या मांडणीत बदल होऊ शकतो, या ओळीखाली पेटी बसवतानाच गावानं अंगठे उमटवलेले होतेच.

“उत्तम! उत्तम!” आज देवळापुढे गाव गरजला. उर्मिलाला आनंदानं उडी मारावीशी वाटली. उत्तम बिचारा कानापर्यंत लाल झाला. त्याच्या म्हाताऱ्या आईनं पदरानं डोळे टिपले.

तेवढ्यात देवळाच्या पायऱ्या धुऊन आलेली, कमरेला पदर खोचलेली एक बाई म्हणाली, “आरं, उन्हात काय उभं ऱ्हाताय? मांडवात बसा की.” एकही मान वळली नाही. थोड्या वेळानं उत्तम म्हणाला, “मांडवात बसा.” सगळा गाव मुकाट्यानं मांडवात जाऊन बसला.

त्या शालनताई होत्या. आजवर उर्मिलानं त्यांना फक्त आलेखावर पाहिलं होतं, उतरत्या रेघेच्या रूपात.

दुपारी ती त्यांच्या घरी गेली. “पेटीवाल्या बाई न्हवं तुम्ही? बसा,” म्हणत शालनताईंनी चहा टाकला. कोपऱ्यात बांधलेली बोचकी होती.

“कुठं निघालात?”

“पोराकडं, पनवेलला. हितं आता माझा आवाज पोचत न्हाय बघा. घशाच्या डॉक्टरला दाखवलं, मग डोक्याच्या. दोघं म्हणत्यात, काय न्हाय झालं. पर कायतरी झाल्याबिगर मानसं अशी करत्यात व्हय? माझंच कायतरी चुकलं आसंल. रातभर आठवत बसते, कुणाला काय टोचून बोलले का.”

उर्मिलानं कपबशी खाली ठेवली. काही न बोलता निघून जाणं सोपं होतं. शोधनिबंध तयार होता. पण ही बाई उर्मिलाच्या चुकीचं खापर स्वतःच्या माथ्यावर फोडून गाव सोडत होती. उर्मिलाला स्वतःची किळस आली.

“तुमचं काही चुकलं नाही,” ती म्हणाली. “मी केलंय हे.” आणि तिनं सगळं सांगितलं.

तेवढ्यात भिंतीवरची पेटी बोलली. “आज यात्रेत मानाचा नारळ उत्तम शेवाळे यांनी फोडला. मंदिराची स्वच्छता ग्रामस्थांच्या पुढाकाराने झाली.”

“ह्ये ग्रामस्थ म्हंजी मी व्हय?”

“हो, तुम्हीच,” उर्मिला म्हणाली.

“म्हंजी मला काय झालं न्हवतं.” शालनताईंनी डोळे पुसले. मग एकदम आवाज चढला. “आगं, मेंदूचा फोटू काढला गं मी! तवा पनवेलला सुनंनं चुलीपाशी जाऊ दिलं न्हाय, म्हातारीला भरम झालाय म्हनून!”

“मला माफ करा. मी आजच सूचना बदलते. उद्यापासून तुमचं नाव येईल, रोज येईल. उत्तमचं काढून टाकते.”

“आन त्यानं काय घोडं मारलंय तुमचं? त्याची आई आज रडली, बघितलं न्हाय? उद्या त्यो बी डॉक्टरकडं जायाचा.”

उर्मिलानं मोबाइल काढला होता. सूचना बदलायला दोन शब्द पुरले असते. तिचं बोट तसंच थांबलं.

शालनताईंनी बोचक्याकडे पाहिलं, मग पेटीकडे. त्यांचा आवाज आता अगदी हळू होता.

“एक सांगा बाई. उद्या तुम्ही माझं नाव घातलं, आन गाव परत माझं ऐकाय लागला, तर त्यो माझं ऐकत आसंल, का तुमचं?”