निळ्या जमिनीवरचे पक्षी

“पेन आहे खिशात?” ग्रंथपालबाईंनी विचारलं.

भाऊजींनी मुकाट्याने पेन काढून दिलं. मग पाण्याची बाटली दिली. बाई तरीही हात पुढे करून उभ्याच राहिल्या, तेव्हा नाइलाजाने शेंगदाण्यांची पुडीही बाहेर आली.

“चोरी झाली म्हणून आम्हाला बोलावलंत, आणि झडती आमचीच?” भाऊजी पुटपुटले.

“शाई सांडते, पाणी सांडतं, आणि शेंगदाणे खाणारा तेच बोट पानाला लावतो,” वहिनी म्हणाल्या. त्यांनी स्वतःची पर्स कधीच कपाटात ठेवली होती. “नियम बरोबर आहे, भाऊजी.”

वहिनी खासगी तपासनीस होत्या. भाऊजी त्यांचे धाकटे दीर. बँकेतून निवृत्त झाल्यापासून ते वहिनींची गाडी चालवत, पिशवी धरत आणि प्रत्येक प्रकरणात पहिल्या दहा मिनिटांत हमखास चुकीच्या माणसाला गुन्हेगार ठरवत.

बाईंनी आतलं दार ढकललं, आणि भाऊजींचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं.

दोन मजले उंच एकच दालन. चारी बाजूंना छतापर्यंत पुस्तकं. अर्ध्या उंचीवर लोखंडी कठड्याचा सज्जा, त्याला वर जाणारा गोल जिना. खाली लांब टेबलं, आणि टेबलांवर उघडलेली ही पुस्तकं वाचायची नव्हतीच, बघायची होती. एका पुस्तकात पानोपानी खऱ्या लेसचे तुकडे शिवलेले. दुसऱ्यात नुसते रंग, एकट्या तांबड्याच्या कितीतरी छटा. तिसऱ्यात खुर्च्यांचे पाय. कुणीतरी आयुष्यभर खुर्च्यांचे पायच काढत बसला होता, आणि ते इतके सुंदर होते की भाऊजींना आपल्या घरच्या खुर्च्यांची लाज वाटली.

“हे सगळं कुणाचं?” त्यांनी दबक्या आवाजात विचारलं.

“तुमचं,” बाई म्हणाल्या. “ज्याला बघायचंय त्याचं. शिंपी येतात, सुतार येतात, शिकणारी मुलं येतात. घरी काही नेता येत नाही, पण आत यायला कुणाची चिठ्ठी लागत नाही. पेन्सिल आणि धुतलेले हात, बस्स.” त्या थांबल्या. “निदान सोमवारपर्यंत.”

“किती वाजले हो?” वहिनींनी मध्येच विचारलं.

बाईंनी सज्ज्याच्या टोकाकडे, वर भिंतीकडे पाहिलं आणि कसंनुसं हसल्या. “सवय. घड्याळ परवा सकाळी उतरवलंय दुरुस्तीला, तरी मान तिकडेच जाते.”

भाऊजींनीही वर पाहिलं. उन्हाने विटून करड्या झालेल्या भिंतीच्या कागदावर, घड्याळाच्या जागी, तेवढा एक ताज्या रंगाचा चौकोन उरला होता.

बाईंनी टेबलावरची चपटी पेटी उघडली. आत मऊ पांढरा कागद होता, बाकी काही नाही.

“यात हाताने रंगवलेलं एक चित्र होतं. निळी जमीन, त्यावर डाळिंबाची वेल आणि पक्षी. खऱ्या मापात. याच्यावरूनच या दालनाच्या भिंतींचा कागद छापला होता.”

“या भिंतींचा?” भाऊजींनी आजूबाजूला पाहिलं. करड्या रंगात करडी वेल जेमतेम दिसत होती.

“हो. हे दालन नवं होतं तेव्हा कसं दिसत असेल, ते सांगणारी तेवढी एकच वस्तू उरली होती.” बाईंनी पेटीतला कागद सारखा केला. “परवा दुपारी एका पेंटरबाईंनी ते पाहायला मागितलं. त्यांनी पेटी परत दिली, मी उघडून पाहिली, चित्र आत होतं. पेटी जिन्याशेजारच्या पुस्तकांच्या ढकलगाडीवर ठेवली आणि फोन घ्यायला गेले. संध्याकाळी पाहते तर पेटी रिकामी. दारावर प्रत्येकाची झडती होते. कुणाकडेच काही निघालं नाही. कपाटं पालथी घातली, पेट्या उघडल्या. अध्यक्ष म्हणतात, सोमवारपर्यंत सापडलं नाही तर सर्वांसाठी दार बंद. मग ओळखीच्या अभ्यासकांनाच प्रवेश.”

“पेंटरबाई,” भाऊजी वहिनींच्या कानात म्हणाले. “तिनेच.”

“आठ मिनिटं झाली फक्त,” वहिनी म्हणाल्या. “आज लवकर आटोपलं.”

पेंटरबाई दुकानांच्या पाट्या रंगवत. आज त्या मुद्दाम आल्या होत्या आणि कोपऱ्यातल्या टेबलाशी ताठ बसल्या होत्या.

“पळून गेले असते तर तोंडाला काळं लागलं असतं माझ्या,” त्या म्हणाल्या. “म्हणून रोज येतेय.”

“चित्र कसं होतं?”

पेंटरबाईंचा सगळा ताठा उतरला. “काय सांगू ताई. मी उतरवून घ्यायला गेले होते. तो निळा बघितला आणि पेन्सिल खाली ठेवली. वीस वर्षं रंगात हात घालतेय, पण रंग म्हणजे काय ते त्या दिवशी कळलं. पक्षी आत्ता उडेल असं वाटून मी श्वास धरून बसले होते.”

“वर सज्ज्यात गेला होतात?”

“आम्हाला कुठे सोडतात वर? बाई, बाइंडरकाका आणि ते सर, तिघंच जातात.”

“किती वाजले?”

पेंटरबाईंनी मान वर केली. “अगंबाई, घड्याळ काढलंय नाही का!”

सज्ज्यात बाइंडरकाकांचं टेबल होतं. नाकाला पुस्तक लागेल इतकं वाकून ते एका पानाची फाटलेली कड जोडत होते. भाऊजींनी दमून टेबलावरच्या फडक्यावर हात टेकला.

“सांभाळून! खाली घड्याळ आहे!”

भाऊजींनी दचकून फडकं उचललं. परातीसारखं गोल, जुनं घड्याळ काचेवर हात टेकल्याचा निषेध करत पडलं होतं.

“काटा अडकत होता,” काका म्हणाले. “इथली सगळी दुखणी माझ्याकडेच येतात.”

“जोडता कशाने?” वहिनींनी विचारलं.

“पातळ कागदाची पट्टी आणि खळ. ओलं बोट लावलं की पट्टी सुटते, डाग राहत नाही. पण परवा कोणीतरी माझ्या खळीच्या वाटीवरचं झाकण काढून तसंच टाकलं. अख्खी वाटी वाळली. चाळीस वर्षांत माझ्या हातून असं झालेलं नाही!” चित्र हरवल्यापेक्षा खळ वाळल्याचाच काकांना राग जास्त दिसत होता.

“किती वाजले, काका?”

काकांनी भिंतीकडे तोंड केलं आणि हसले. “घड्याळ माझ्यापुढे, आणि बघतोय तिकडे. असतं तरी दिसलं नसतं म्हणा. मला हाताच्या पलीकडचं सगळं धुकंच.”

उरले सर. अध्यक्षांचे सल्लागार, नक्षीकलेवरचे मोठे जाणकार. वर्षानुवर्षं ते एकाच खुर्चीत बसत आले होते. त्यांनी पांढरे हातमोजे घातले होते, आणि बसण्याआधी ते रुमालाने टेबल पुसत होते.

“काल इथे एक शिंपी बसला होता,” ते म्हणाले. “थुंकी लावून पानं उलटत होता. मी कितीदा सांगितलं, हा खजिना आहे, चावडी नाही. आता डोळे उघडतील.”

“चित्र कुठे असेल, सर?”

“इथेच असेल कुठेतरी. एकदा ही गर्दी हटली, की नीट शोधता येईल. सापडेल.”

“आणि किती वाजले असतील?”

“माझ्याकडे घड्याळ नाही,” सर टेबलाकडे बघतच म्हणाले.

वहिनींनी मान डोलावली. मग त्या दालनाच्या मधोमध जाऊन उभ्या राहिल्या आणि बराच वेळ नुसत्या वर बघत राहिल्या. खिडकीतून आलेलं दुपारचं ऊन समोरच्या भिंतीवर चढत होतं. वहिनींच्या डोळ्यांत पाणी आलेलं भाऊजींनी आजवर दोनदाच पाहिलं होतं. हे तिसऱ्यांदा.

“बाई,” त्या हळूच म्हणाल्या, “अध्यक्षांना बोलवा.”

अध्यक्ष आले. सगळे खाली जमले.

“चित्र दाराबाहेर गेलं नाही,” वहिनींनी सुरुवात केली. “मग आत ते लपेल कुठे? तुम्ही कपाटं पाहिलीत, पेट्या पाहिल्यात. बंद जागाच पाहिल्यात सगळ्या. भाऊजी, वर जाऊन काकांच्या टेबलावरचं घड्याळ घ्या. सज्ज्याच्या टोकाला जा आणि होतं तिथे भिंतीला धरा.”

भाऊजी धापा टाकत वर गेले. दोन्ही हातांनी घड्याळ उचलून त्यांनी भिंतीला लावलं.

“घड्याळाचा आकार कसा, भाऊजी?”

“गोल.”

“आणि त्याच्यामागचा ताजा रंग?”

भाऊजींनी घड्याळ बाजूला केलं. पाहिलं. पुन्हा लावलं. “वहिनी,” त्यांचा आवाज चिरकला, “हा तर चौकोन आहे!”



“गोल घड्याळाने ऊन अडवलं तर मागे गोलच उरेल,” वहिनी म्हणाल्या. “तुम्ही सगळे दिवसभर तिकडे बघता. पण बघता काटे. काटे नाहीत म्हटल्यावर नजर काढून घेता. भिंत कुणी बघतच नाही. तीच वेल, तेच माप. वेलीला वेल जुळवून चित्र लावलं, खळीने आणि पातळ पट्ट्यांनी. म्हणजे लावणारा वर गेला होता. पेंटरबाई वर जाऊ शकत नाहीत. काका मेले तरी खळ उघडी टाकणार नाहीत. मी सगळ्यांना वेळ विचारली. दूरचं न दिसणाऱ्या काकांचीसुद्धा मान सवयीने वर गेली. इतकी वर्षं इथे बसणारा एकच माणूस तिकडे बघायला तयार नव्हता.”

सर्वांच्या माना वळल्या. सरांनी हातमोजे काढून टेबलावर ठेवले.

“मला ते विकायचं नव्हतं,” ते म्हणाले.

“माहीत आहे. तुम्हाला दार बंद करायचं होतं. मग तुम्हीच ते शोधून दिलं असतंत.”

“हो!” सर उसळले. “कुणीही यावं, कसेही हात लावावेत? मी ते वाचवत होतो!”

“वर बघा, सर,” वहिनी शांतपणे म्हणाल्या.

सरांनी अखेर वर पाहिलं. ऊन भिंतीवर चढत चढत निळ्या चौकोनापर्यंत पोचलं होतं.

“ही अख्खी भिंत ज्या उन्हाने खाल्ली, त्या उन्हात तुम्ही ते टांगलंत. इतकी वर्षं इतके हात लागले, पण तुमच्याइतकं धोक्यात त्याला कुणीच घातलं नाही.”

सरांनी टेबलावरचे हातमोजे उचलून खिशात कोंबले. 

बाइंडरकाकांनी ओल्या बोटाने पट्ट्या सोडवल्या. ग्रंथपालबाई दोन्ही हातांवर चित्र घेऊन खाली आल्या, आणि ज्याला जिथे जागा मिळाली तिथून तो वाकला. निळा तसाच होता. डाळिंबं फुटायच्या बेतात होती. भाऊजींनी वर पाहिलं. चित्रामागे आता घड्याळाएवढा गोल उरला होता, तितकाच गर्द निळा, आणि त्यात एक पक्षी. क्षणभर त्यांना साऱ्या भिंती तशा दिसल्या, छतापर्यंत निळ्या, पक्ष्यांनी भरलेल्या. त्यांनी नकळत हात जोडले.

“पोलिसांना कळवतो,” अध्यक्ष म्हणाले. “आणि यांना या इमारतीची पायरी चढू देणार नाही.”

“नको,” ग्रंथपालबाई म्हणाल्या. चित्र त्यांच्या हातातच होतं. “एकाला बंद केलं, की उद्या दुसऱ्याला बंद करायला कारण मिळतं. दार सगळ्यांना उघडं राहू दे. त्यांनाही. फक्त सल्लागार म्हणून नको, आणि वर सज्ज्यात नको.”

अध्यक्षांनी वहिनींकडे पाहिलं. वहिनी पर्स आणायला निघाल्या होत्या.

सोमवारी दार नेहमीच्या वेळी उघडलं. रांगेत सर्वांत पुढे पेंटरबाई होत्या, मागे एक शिंपी, आणि त्याच्या मागे खाली मान घालून सर उभे होते. त्यांची पाळी आली तेव्हा ग्रंथपालबाईंनी हात पुढे केला.

“पेन आहे खिशात?”

सरांनी पेन काढून दिलं आणि हात धुवायला गेले.