नऊ तासांचं अंतर

"बाबांना सांभाळणाऱ्या मावशींना पोलिसांनी चौकीत बसवून ठेवलंय," शिक्षिका म्हणाली. "त्या कुलूप न लावताच औषधं आणायला गेल्या, असं दादाचंही म्हणणं आहे. मला पटत नाही."

तिच्या वडिलांना विस्मरणाचा आजार होता. परवा दुपारी ते घराबाहेर पडले आणि कोपऱ्यावर ट्रकखाली सापडून गेले.

शिक्षिका ज्यांच्याकडे आली होती, त्या वहिनी खासगी तपासाची कामं घेत. गाडी चालवायला आणि शंका काढायला त्यांचा दीर सोबत असे. कुलूप फोडलेलं नव्हतं.

"किल्ल्या किती?" वहिनींनी विचारलं.

"तीन. मावशींची, माझी आणि दादाची. मी शाळेत वर्गावर होते, दादा परदेशात. एरवी मध्ये विमान बदलून यायला त्याला दीड दिवस लागतो, म्हणून तीन वर्षं आलाच नव्हता. या वेळी बिचारा रातोरात धावत आला."

चौकीत मावशी रडवेल्या झाल्या होत्या. "कुलूप दोनदा ओढून बघते मी. परत आले तर दार सताड उघडं. टेबलावर पाण्याचा ग्लास होता. आजोबांना हाताने पाणी घेता येत नाही."

दादा घरीच भेटला. "धाकटीचा फोन परवा संध्याकाळी सहाला आला. काल सकाळी सातला दारात हजर. थेट विमान, नऊ तास. डोळा लागला आणि उतरलो."

"काय वेग आहे," दीर कौतुकाने म्हणाला.

वहिनींनी विमानतळावर फोन करून चौकशी केली. मग भावंडांना समोर बसवलं.

"नऊ तास हा नकाशावरचा हिशेब. अंतराला विमानाच्या वेगाने भागलं की येतो तो. या दोन शहरांमध्ये थेट विमानच नाही."

"पण वहिनी, तिकडचं घड्याळ मागे असतं ना?"

"फोन इथून गेला, भावजी, आणि दारही इथलंच वाजलं. दोन्ही वेळा इथल्याच घड्याळातल्या. तेरा तासांत दीड दिवसाचा प्रवास होत नाही. म्हणजे फोन आला तेव्हा हे याच शहरात होते. तिसरी किल्ली यांच्याकडे. आणि बाबांना कुणीतरी पाणी पाजलं होतं."

शिक्षिका भावाकडे बघत राहिली.

"ऑफिसच्या कामाला आलो होतो, दोनच दिवस," तो खाली मान घालून म्हणाला. "सांगितलं असतं तर राहावं लागलं असतं. मावशी बाहेर पडल्याचं बघून आत गेलो. बाबांनी ओळखलं नाही. पाणी दिलं, ते प्यायले. मग म्हणाले, तुम्ही निघा आता, माझा मुलगा यायचाय, त्याला आणायला जायचंय. मला तिथे बसवेना. निघालो. कुलूप लावायचं सुचलंच नाही."



"चल चौकीत," बहीण उठून म्हणाली. तिचा आवाज परक्या माणसाशी बोलावा तसा होता.

त्यांना बघून मावशी बाकावरून उठल्या. दिवसभर एकच प्रश्न ऐकून त्यांचा स्वतःवरचा विश्वास उडाला होता.

"दादा," त्या हात जोडून म्हणाल्या, "राहिलंच असेल माझ्याकडून कुलूप. पोरकं केलं मी तुम्हाला. माफ करा."

दादाने त्यांचे जोडलेले हात सोडवले. "तुमच्याकडून नाही, मावशी," तो म्हणाला, "माझ्याकडून राहिलं."