पहिला नंबर

जवळ सरका, पोरांनो. आमच्या वेटोळ्याची गोष्ट. खांद्यावर सदा वायरीचं वेटोळं, म्हणून हे नाव. गावभर इंटरनेट जोडून देतो, पण स्वतःच्या घरात ठेवत नाही. का, ते सांगतो.

मार्चमधला शुक्रवार, रात्रीचे साडेनऊ. एका मावशींनी त्याला घाईने बोलावलं. परदेशातल्या लेकीचं ऑपरेशन झालं होतं, ती अजून शुद्धीवर नव्हती. जावयाचा फोन यायचा होता. हॉलमधला फोन इंटरनेटवरचा, त्याच इंटरनेटवर वरचे भाडेकरू सिनेमा लावून बसले की आवाज तुटायचा. मावशींच्या जिवाला घोर लागला होता.

वेटोळ्या म्हणाला, त्यात काय, राउटरला सांगू, आधी फोन, मग सिनेमा. मोबाइलवर राउटरचं पान उघडलं, तर घरात दोन फोन दिसले. हॉलमधला कुठला, हे विचारायचा त्याला कंटाळा. दोन्हींना पहिला नंबर देऊन मोकळा झाला.

वरचा सिनेमा लगेच अडखळला. पण हॉलमधला फोन गप्पच. दुसऱ्यावर मात्र कॉल चालू दिसत होता.

"मावशी, दुसरा फोन कुठे असतो?"

"यांच्या खोलीत." त्या थांबल्या. "हे गेले तेव्हाच मी प्लग काढून ठेवला त्याचा."

कुलूप काढलं. आत अंधार... टेबलावर फोन. वायर गुंडाळलेली. प्लग मोकळा. आणि हिरवा दिवा पेटलेला.

वेटोळ्याची पाचावर धारण बसली. तरी त्याने रिसीव्हर कानाला लावला.

मावशींच्या लेकीचा आवाज. खूप दमलेला.

"थांबा ना, बाबा... येते मी."

मावशी विचारत होत्या, कोण आहे? त्याने मोबाइलवर तो फोन सगळ्यात शेवटच्या नंबरावर ढकलला. वरचा सिनेमा जोरात सुरू झाला. आवाज तुटला... पुन्हा तुटला... दिवा विझला.

तेवढ्यात हॉलमधला फोन वाजला. जावई होता. ती शुद्धीवर आली म्हणाला. सारखं विचारतेय, बाबांचा फोन मध्येच कोणी तोडला?

मावशी रडायलाच लागल्या. वेटोळ्या पैसे न घेताच घरी पळाला.

घरी सगळे झोपलेले. त्याने आपल्या राउटरचं पान उघडलं. त्याच्याकडे तसला फोन कधीच नव्हता. तरी एक दिसत होता. पहिला नंबर. कॉल चालू...

आणि आतल्या खोलीत त्याची लेक झोपेतच कोणाला तरी हो, हो म्हणत होती.