सपाट गावातला चढ

पुस्तकाच्या आरंभी ऋणनिर्देशासाठी प्रकाशकांनी मला अर्धे पान दिले आहे. संस्था, ग्रंथपाल आणि कुटुंबीय यांचे आभार नेहमीच्या क्रमाने त्यात मानून झाले. ज्यांचे आभार तेथे मानता येत नाहीत, त्यांच्यासाठी हे टिपण.

पुस्तक लिस्बनमधल्या एका दफ्तरखान्यातील मोडी पत्रांचे आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस गोव्याकडच्या एका देसायाने लक्ष्मण नावाचा आपला कारकून जहाजाने लिस्बनला धाडला. काम वतनाच्या दाव्याचे, फार तर दोन महिन्यांचे. लक्ष्मण तेथेच अडकला. त्याने घरी लिहिलेली पत्रे कधी रवाना झाली नाहीत, आणि म्हणूनच ती टिकली. प्रत्येक पत्रात वरच्या चार ओळी कामाच्या. उरलेला कागद गाव पाहिल्याचा. दम काढणारे चढ, निळ्या फरशांच्या भिंती, दोऱ्यांवर वाळत घातलेले कपडे, समुद्राएवढी रुंद नदी.

अकरा वर्षे मी ही पत्रे वाचली ती संगणकाच्या पडद्यावर. मूळ कागद पाहिलेला नव्हता. शेवटच्या पत्राची शेवटची ओळ घडीखाली गेली होती. छायाचित्रात त्या जागी केवळ एक काळी रेघ होती. लक्ष्मणाचे पुढे काय झाले ते त्या ओळीत असणार, आणि ती वाचायची तर घडी हाताने उलगडायला हवी होती. गेल्या वर्षी दफ्तरखान्याने व्याख्यानासाठी मला बोलावले, तेव्हा माझ्या निवृत्तीला सात महिने उरले होते. त्या दौऱ्यातून मला एवढेच हवे होते: ती घडी.

"निरुपमाबाई, तुमचे गुडघे," आमचे संचालक उदयसिंहराव म्हणाले. "ते गाव सगळं चढावाचं. आपण बडोद्याची माणसं, सपाटीवर वाढलेली. कशाला जिवाला त्रास?"

"मग कोण जाणार?"

"कुणीतरी जायलाच हवं. संस्थेच्या नावाचा प्रश्न आहे." त्यांनी चहाचा कप माझ्याकडे सरकवला. "काम दीड दिवसाचं. बाकीचे दिवस जरा फिरून घेईन म्हणतो. तुमचं त्या गावावर एवढं वाचन, मला कार्यक्रम आखून द्या ना. किती वाजता कुठं, असा. निबंध तर तुमचा तयारच आहे."

उदयसिंहरावांना मोडीतले एक अक्षर वाचता येत नव्हते. हे मी तक्रार म्हणून लिहीत नाही. संचालकपदाच्या पात्रतेत ते कुठेही मागितलेले नाही.

संताप आला की माझे काम अधिक नेटके होते. दौरा-कार्यक्रमाचा संस्थेचा छापील नमुना घेऊन मी पाच दिवस मिनिटामिनिटाने भरले. सोमवारी सकाळी दहाला किल्ल्याचा चढ, मंगळवारी कोळ्यांची जुनी वस्ती, बुधवारी दहाला दफ्तरखाना, गुरुवारी अकराला व्याख्यान, शुक्रवारी नदीपलीकडे. कोणत्या वळणावर पायऱ्या आहेत, कोणत्या भिंतीला टेकून श्वास घ्यावा, हेही लिहिले. कधीच न पाहिलेल्या गावाची मला इतकी माहिती होती याचे तेव्हा मलाच नवल वाटले.

नोव्हेंबरातल्या एका शनिवारी उदयसिंहराव गेले. सोमवारी मी नेहमीप्रमाणे साडेदहाला संस्थेत पोचले आणि हजेरीच्या मस्टरवर सही करायला वाकले.

"बेन, सही नका करू," आस्थापना शाखेच्या कौशल्याबेन म्हणाल्या. "तुम्ही तर दौऱ्यावर छो."

माझ्या नावासमोर पाचही दिवसांवर लाल शाईत 'दौरा' असे लिहिलेले होते.

"मी तुमच्यासमोर उभी आहे, कौशल्याबेन."

"ते मला देखाय छे. पण ऑर्डर तुमच्या नावाची. सरांनी तिकीट बदलवलं, व्हिसा बदलवला, ऑर्डर नथी बदलवली. माझ्या हातात काय?"

"मग सर कुठे आहेत?"

त्यांनी मस्टर माझ्याकडे फिरवले. "सर हजर. जुओ ना."

त्यांच्या रकान्यात त्यांची सही होती. सोमवारची, हिरव्या शाईतली, शेवटच्या अक्षराला नेहमीचा तोरा असलेली.

"ही कुणी केली?"

"सही सरांची छे ने? मग सरांनी ज केली असेल."

माणूस काय सांगतो ते ऐकावे, पण कागद काय सांगतो ते धरावे, असे मी आयुष्यभर विद्यार्थ्यांना शिकवत आले. कौशल्याबेन माझ्या विद्यार्थिनी कधीच नव्हत्या, पण हा नियम त्यांच्याइतका निष्ठेने कुणी पाळला नाही. मी त्यांची मनापासून ऋणी आहे.

मस्टर मला कामाला बसू देत नव्हते, म्हणून मी घरी आले. आमचे घर दांडिया बाजारात. दुपारी बसवेना, तेव्हा स्टीलचा एक डबा आणायचे निमित्त काढून मांडवीकडे निघाले. लहरीपुरा दरवाज्यातून आत शिरले तेव्हा साडेतीन झाले होते.

लहरीपुऱ्यापासून मांडवीपर्यंतचा रस्ता हातावर ठेवल्यासारखा सपाट आहे. दोन्ही बाजूंना साड्या, बांगड्या, स्टीलची भांडी. मधून रिक्षा, हातगाड्या, स्कूटरी. साठ वर्षांत मी तो हजारदा चाललेली आहे. त्या दुपारी बांगड्यांच्या तिसऱ्या दुकानापाशी माझ्या पोटऱ्या भरून आल्या. आणखी वीस पावलांवर मला एका दुकानाच्या खांबाला धरून उभे राहावे लागले. रस्ता डोळ्यांना सपाटच होता. पायांना तो चढत होता.

लिस्बनमध्ये तेव्हा सकाळचे दहा वाजले होते. हा हिशेब मी घरी आल्यावर केला.

माझे यजमान वामनराव बाजव्याच्या रिफायनरीतून अभियंता म्हणून निवृत्त झालेले. मोजता येत नाही त्या गोष्टीवर ते मत देत नाहीत. संध्याकाळी त्यांनी माझा फोन उचलला, त्यातली पावलांची मोजणी पाहिली आणि चष्मा वर सरकवला.

"एकतीस मजले? मी तिकडे टॉवर चढायचो तेव्हा एवढे व्हायचे. मांडवीला लिफ्ट बंद होती वाटतं."

"अहो, फोन बिघडला असेल."

"तो हवेच्या दाबावरून मोजतो. दाब उगाच बिघडत नाही."

मंगळवारी साडेतीनला ते माझ्यासोबत आले. शेजारी शेजारी चाललो. त्यांना दम लागला नाही. मला मात्र पावलाखाली डांबराऐवजी लहान, गुळगुळीत, झिजलेले दगड लागत होते, आणि फरसाणाच्या दुकानासमोर तव्यावर भाजल्या जाणाऱ्या मासळीचा खारट वास आला. तो फक्त मला आला. वामनराव माझ्या पावलांकडे पाहत होते.

"तू पुढे झुकून चालतेयस," मग ते हळू म्हणाले. "चढावर चालावं तशी."

"आणि तुमचा फोन?"

"शून्य."

परतताना त्यांनी काही न विचारता मला न घसरणाऱ्या तळांचे बूट घेऊन दिले, आणि दुकानातच खाली बसून नाड्या बांधून दिल्या. पुस्तकातल्या अर्ध्या पानात 'पतीचे सहकार्य' असे दोन शब्द आहेत. त्यांचा अर्थ हा.

बुधवारी मी एकटीच गेले. बूट चांगले होते. त्या दिवशी चढ सरळ नव्हता. माझ्याच कार्यक्रमात लिहिल्याप्रमाणे दोनदा डावीकडे वळला. मांडवीच्या अलीकडे, दोन कापडदुकानांच्या मध्ये, दगडी उंबऱ्याचे एक दार उघडे होते. आजवर त्या जागी मी भिंत पाहिली होती. भिंतीवर तंबाखूची जाहिरात असे.

तेवढ्यात फोन वाजला. उदयसिंहराव होते.

"निरुपमाबाई, हे लोक मला आत सोडत नाहीयेत. यादीत नाव तुमचं आहे."

"मग सांगा त्यांना तसं."

"सांगितलं हो. इथली बाई म्हणते, डॉक्टर निरुपमा आत्ताच आल्या, दारापाशी आहेत." ते हसले, पण ते हसणे फार काळ टिकले नाही. "तुमचा तो कागदही काही खरा नाही. तीन दिवस फिरतोय, चढ कुठं लागलाच नाही. सगळं सपाट. आणि कुणी माझ्याकडे बघतसुद्धा नाही. कुणाला काही विचारावं तर पुढे निघून जातात."

"मी काय करू?"

"तुम्ही लिहा त्यांना. तुमच्या शब्दाला तिथं वजन आहे. मला आत घ्या म्हणावं."

हे वाक्य उदयसिंहरावांच्या तोंडून ऐकायला मी अकरा वर्षे थांबले होते. मी उंबऱ्यावर उभी राहूनच फोनवर दफ्तरखान्याला एक ओळ लिहिली: सोबतच्या गृहस्थांना पत्रांजवळ बसू द्यावे आणि काम पुरे होईपर्यंत उठवू नये. भाषा सौजन्याची होती. ती पुन्हा वाचून, एक विरामचिन्ह दुरुस्त करून मी पाठवली.

मग आत गेले.

खोली थंड होती. उंच खिडकी, लांब टेबल, मेणाचा आणि जुन्या कागदाचा वास. माझ्यासमोर पत्रे बांधलेल्या रुमालाची गाठ सोडली गेली. कुणी सोडली ते मी पाहिले नाही; मी कागद पाहत होते. तो पडद्यावर दिसे त्याहून लहान होता. अकरा वर्षे ज्याच्या प्रत्येक डागाशी माझी ओळख होती तो बोटांना लागला, तेव्हा माझे डोळे भरून आले. हे सांगायला मला संकोच वाटत नाही.

घडी मी नखाने उलगडली.

लक्ष्मणाचे अक्षर अखेरपर्यंत स्वच्छ होते. 'माझे जागी येक गृहस्थ आले. मोडी येत नाही, सिकतील. आम्ही निघालो.'

मी ती ओळ तीनदा वाचली. शंकेला जागा नव्हती.

शेजारची खुर्ची ओढल्याचा आवाज झाला.

कुणीतरी बसले. श्वास जड होता, लांब चालून आल्यासारखा.

मी वर पाहिले नाही.

"निरुपमाबाई," अगदी जवळून आवाज आला, "आता हे वाचायचं कसं?"

मी कागद त्यांच्याकडे सरकवला आणि बाहेर आले. बाहेर रिक्षावाला हॉर्न देत होता, आणि माझ्या पाठीला तंबाखूच्या जाहिरातीचा रंग लागला होता.

गुरुवारी माझा घसा बसला. शुक्रवारी लिस्बनहून पत्र आले. माझ्या व्याख्यानाने सभागृह भारावून गेले, घडीखालच्या ओळीच्या वाचनाबद्दल ते सर्व माझे ऋणी आहेत, आणि सोबतचे गृहस्थ अत्यंत चिकाटीचे असून जागेवरून हलत नाहीत, असे त्यात होते. मी उलट आभार मानले. इतक्या निखळ कृतज्ञतेने मी पूर्वी कुणाला लिहिल्याचे आठवत नाही.

त्यानंतर उदयसिंहरावांना कुणी पाहिलेले नाही. यावर गवगवा झाला नाही, कारण कागदोपत्री ते रोज हजर असतात. दालनात अकराला चहा जातो, कप रिकामा परत येतो. संचालक दिसत नाहीत याचे आमच्याकडे कुणाला आश्चर्य वाटत नाही. त्यांची पत्नी चार वर्षांपूर्वी वारली. टोरांटोचा मुलगा दर रविवारी फोन करतो, वडील मीटिंगमध्ये असल्याचा संदेश त्याला येतो. त्यातही त्याला नवे काही नसावे.

गेल्या आठवड्यात पुस्तकाची फाइल संचालकांच्या मंजुरीसाठी मी दालनात पाठवली. दहा मिनिटांत परत आली. 'मान्य. लेखिकेचे नाव एकटेच असावे.' खाली हिरवी सही. आत पानांमध्ये एक चिठ्ठी होती, मोडीत. अक्षर उशिरा शिकलेल्या, पण मग दीर्घकाळ गिरवलेल्या हाताचे.

'सौभाग्यवती निरुपमाबाई यांसी. येथील काम जाले. गाव पाहोन जाले. परतीचा कार्यक्रम वेळांनिसी आखोन पाठवावा.'

त्यांचे माझ्यावर उपकार आहेत. ते नसते तर मी ती घडी उलगडली नसती. म्हणून काल मी नमुन्याचा कोरा कागद घेऊन खरोखरच बसले. परतीच्या कार्यक्रमात आधी तारीख भरावी लागते. त्यांच्या चिठ्ठीवर ती नव्हती. तारीख नसलेल्या पत्राचा काळ कागदावरून आणि शाईवरून ठरवतात, तसा तो ठरवण्यासाठी मी चिठ्ठी खिडकीपाशी नेली. वर आमच्या संस्थेचे नवे लेटरहेड आहे, यंदाच्या मार्चमध्ये बदललेल्या फोन नंबरासह. कडा कसरीने खाल्ल्या आहेत. घड्यांवर कागद विरला आहे. शाई तपकिरी पडून दोन ठिकाणी आरपार गेली आहे. अशा शाईला मी साधारण दोनशे वर्षे देते.