दुसऱ्या चित्रातल्या सासूबाई

मी वाळूजच्या एका कारखान्यात सुट्या भागांची मापं तपासतो आणि घरी आल्यावर जुने रशियन कॅमेरे. एकाच नावाच्या दोन कॅमेऱ्यांत कुठला स्क्रू वेगळा, कुठल्या साली खटका बदलला, हे ओळखण्यातलं सुख माझ्या बायकोला, दिपालीला, अजून उमगलेलं नाही.

शहागंजच्या बाजारात मला फेड-२ सापडला त्या रविवारी सासूबाई देवगाव रंगारीहून आलेल्या होत्या. कॅमेरा मोठा चमत्कारिक. खिडकीची चौकट सुरुवातीच्या बनावटीची, फ्लॅशचं भोक नंतरचं, सेल्फ-टायमरची दांडी त्याच्याही नंतरची.

"फोटू तर एकबी काढत नाय. मग बघता काय त्याच्यात, जावईबापू?" सासूबाई सोफ्यावरून म्हणाल्या.

"कुठल्या जातीचा आहे ते बघतोय, मामी."

"कॅमेऱ्याला बी जात असती व्हय?"

या कॅमेऱ्यातून बघितलं की मधल्या पिवळसर ठिपक्यात माणूस दोनदा दिसतो, एक ठळक, एक फिकट. भिंग फिरवून दोन्ही चित्रं एकमेकांवर बसवली की अंतर जुळलं. मी तो सासूबाईंवर रोखला. सोफा जुळला, उशी जुळली. सासूबाई जुळेनात. फिकट सासूबाई गुडघ्यावर हात टेकून उठल्या आणि ठिपक्याबाहेर गेल्या.

मी कॅमेरा डोळ्यावरून बाजूला केला. त्या बसूनच होत्या. मग गुडघ्यावर हात टेकून उठल्या.

"दिपे, माझा चष्मा कुठंय गं?"

आतला आरसा सैल असणार, असं मी ठरवलं. पुन्हा रोखला, तर फिकट सासूबाई शिंकल्या आणि पाठोपाठ खऱ्या. आरसा सैल असला तर चित्र सरकतं; शिंकत नाही. संग्राहकांच्या ग्रुपवर मी विचारलं, दुसरं चित्र थोडं पुढं धावतं ती बनावट कुठल्या सालची? लगेच उत्तर आलं, 'सिरियल नंबर टाका.'

मी हे सगळं दिपालीला सांगितलं. "आणा इकडं," ती म्हणाली. तिनं कॅमेरा माझ्यावर रोखला आणि बराच वेळ भिंग फिरवत राहिली.

"जुळलं का?"

"खुर्ची दोनदा दिसतीय. तुम्ही एकदाच."

"म्हणजे मी आता उठणार!" मी हसत उठलो आणि दारात जाऊन उभा राहिलो. "आता?"

"दार दोनदा."

"आणि मी?"

तिनं भिंग पुन्हा पहिल्यापासून फिरवलं.

मी सासूबाईंच्या शेजारी जाऊन बसलो. ती तिथं वळली.

"आई दोनदा," ती हळूच म्हणाली.

मी गॅलरीत गेलो. ती कॅमेरा डोळ्याला लावूनच मागं आली.

"आता तरी?"

"अहो, पुरे."

तिनं कॅमेरा कपाटात ठेवून दिला. संध्याकाळी स्वयंपाकाला लागली, तेव्हा तिनं कणीक एकाच हातानं मळली. दुसऱ्या हातात माझं मनगट होतं.