सहा वेळा ‘फाटक लाव’

कुमग्वेर्न गावाच्या वळणावर मेरेरिदला गाडी थांबवावी लागली ती मेंढ्यांमुळे. धुक्याने भिजलेल्या पंचवीस-तीस मेंढ्या अरुंद रस्ता अडवून निवांत उभ्या होत्या. तिच्या पुढेच एक टेम्पो अडकला होता, आणि मेंढ्यांइतकाच निवांत असा एक उंच तरुण त्याला टेकून उभा होता.

तिने काच खाली केली. “फाटक लावायचं कळत नाही का इथल्या कुणाला?”

तो चमकला. मग ओठांच्या कडेने हसला. “आमच्या घरी हे रोज ऐकायचो. छान म्हटलंत… अगदी आमच्या आईच्या चालीवर.”

“चालीचं नंतर बघू. वाट मोकळी करता का?”

“करतो की. तुम्ही डावीकडून हाका, मी उजवीकडून.”

विद्यापीठात कविता शिकवणाऱ्या बाईला असे कुणी फर्मावत नाही. तरीही मेरेरिद उतरली. चिखलात तिचा बूट रुतला, तेव्हा त्याने कोपर पुढे केले; तिने ते धरले, आणि गरजेपेक्षा क्षणभर उशिरा सोडले. मेंढ्या आत गेल्या. त्याने कडी घातली, दोनदा हलवून पाहिली.

“मी इद्वाल. इथला सुतार. टेम्पोत आजच्या काव्यमेळ्यात जिंकणाऱ्या कवीला द्यायची खुर्ची आहे… माझ्याच हातची.”

“मी मेरेरिद. परीक्षक.”

कडीवरचा त्याचा हात तिथेच थांबला. “मग निकाल ठाऊक असेल.”

“मंचावर सांगेन. तुम्ही मात्र खुर्ची परत न्यायची तयारी ठेवा.”

“इतकी वाईट झालीय?”

“खुर्ची नाही हो. तिच्यावर बसण्याजोगा कुणी नाही.”

तो पुन्हा हसला; परंतु या वेळी ते हसू डोळ्यांपर्यंत पोहोचले नाही, हे तिच्या नजरेतून सुटले नाही.

मेळा गावातल्या चॅपलमध्ये, छोट्या प्रार्थनाघरात होता. चिटणीस प्रोथेरोबाईंनी मागच्या खोलीत चहा आणि लोणी लावलेला मनुकांचा पाव पुढे केला, आणि त्याबरोबर नियमही वाढला. “नऊ कविता, नऊ टोपणनावं. खरी नावं पाकिटांत, पाकिटं माझ्या पर्समध्ये. परीक्षकाचं स्पर्धकाशी नातं नको, ओळखसुद्धा नको. मी नुसती चिटणीस, तरी सख्ख्या भाच्याला याच नियमावर घरी बसवलंय, बाई.”

मेरेरिदने मान डोलावली. तिचा अभिप्राय पर्समध्ये तयार होता. नऊपैकी एकच कविता तिने पुन्हा पुन्हा वाचली होती. ‘बिजागरी’ या नावाने आलेली ती कविता फाटक उघडे टाकून जाणाऱ्या एका बापावर होती. प्रतिमा रेखीव, रचना निर्दोष. पण ‘फाटक लाव’ ही एकच ओळ सहा वेळा. तिने समासात लिहिले होते: शब्दांचे दारिद्र्य. खुर्ची रिकामी राहावी.

प्रोथेरोबाई पाहुण्यांकडे गेल्या. लाकडी पडद्यापलीकडे कुणी खुर्चीचा पाय ठोकून बसवत होते, आणि ठोक्यांच्या मधल्या शांततेत स्वतःशीच काही म्हणत होते.

“फाटक लाव…”

तिचा कप हवेतच राहिला. तो वैतागलेल्या आईचा स्वर होता. सकाळी रस्त्यावर तिने स्वतः लावला होता तोच. पुढचे ‘फाटक लाव’ कुत्र्यालाच आज्ञा करणाऱ्या बापाचे होते, तिला हसू फुटले. तिसरे शेजाऱ्याचे, खवचट. चौथे वाऱ्याला. पाचवे दवाखान्यातून, अर्धे पुसलेले. आणि सहावे… सहावे त्या आवाजाने जवळजवळ म्हटलेच नाही. शवपेटी बाहेर गेल्यावर, मागे उरलेल्या मुलाने स्वतःलाच सांगावे, तसे ते होते.

कागदावर जी ओळ सहा वेळा एकच होती, ती ऐकताना दर वेळी निराळी होती. मेरेरिद पडद्याच्या पलीकडे जाऊन उभी राहिली. इद्वालने वर पाहिले, आणि हातोडी खाली ठेवली.

“तुम्ही ‘बिजागरी’.”

“आता बाद करणार मला?”

“नियमच आहे.”

“तसं तुम्ही आधीच केलं होतंत, बाईसाहेब.”

तिला राग यायला हवा होता, परंतु आला नाही. “स्वतःच केलेल्या खुर्चीसाठी कुणी कविता धाडतं का?”

“खुर्ची कोणाला हवीय? जिंकणाऱ्यालाच कविता म्हणू देतात इथे. बाबा ज्या बाकावर बसायचे तो समोर दिसतो मंचावरून. एकदा… त्या बाकाला ऐकवायची होती.”

दुपारी मेरेरिद मंचावर चढली, तेव्हा बाके गच्च भरली होती. लिहून आणलेला अभिप्राय तिने उघडला नाही.

“खुर्ची आज कुणालाही नाही,” ती म्हणाली. कुजबुज उठली. “‘बिजागरी’ यांची कविता मी तीन आठवडे डोळ्यांनी वाचली आणि तिला दरिद्री ठरवलं. आज ती कानावर पडली. दारिद्र्य माझ्या वाचनात होतं. पण ऐकताना कवी कोण तेही कळलं, त्यामुळे त्यांना खुर्ची द्यायचा अधिकार मला उरला नाही. ऐकण्याचा तुमचा अधिकार मात्र शाबूत आहे. ‘बिजागरी’ यांनी उभं राहावं.”

सर्वांत मागे, दाराशी इद्वाल उभा राहिला. माना वळल्या, प्रोथेरोबाईंनी पर्स छातीशी धरली. तो मंचावर आला, आणि समोरच्या तिसऱ्या बाकाकडे पाहत त्याने कविता म्हटली. तिसऱ्या ‘फाटक लाव’पर्यंत सभा हसत होती. सहाव्याला प्रोथेरोबाईंनी पर्समधून रुमाल काढला.

मेळा उठला. अंगणात इद्वाल खुर्ची घोंगडीत गुंडाळून टेम्पोत चढवत होता.

“प्रामाणिक आहात,” प्रोथेरोबाई मेरेरिदला म्हणाल्या. “पुढल्या वर्षी पुन्हा तुम्हीच या.”

“नाही जमायचं, प्रोथेरोबाई. परीक्षकाचं स्पर्धकाशी नातं नको, तुमचाच नियम.”

“कुणाशी नातं? कसलं?”

“ते अजून त्याला विचारायचंय.”

इद्वालचे हात दोरीवर थांबले. तो वळला नाही, पण त्याचे कान तांबडे झालेले तिला दिसले. तिने आपली गाडी तिथेच राहू दिली, टेम्पोला वळसा घातला आणि चालकाशेजारच्या जागेवर चढून बसली.

तो तिच्या बाजूच्या उघड्या दाराशी आला. दारावर हात ठेवून तसाच उभा राहिला… काही म्हणायचे होते, आणि या वेळी ते लिहिलेले नव्हते.

“इद्वाल,” ती हळूच म्हणाली, “दार लाव.”

त्याने ऐकले. आईची ती चाल आता नव्हती. ही सातवी, आजवर कुणी न म्हटलेली.

“पुन्हा म्हण ना,” तो म्हणाला.