सारसकोटचे पाच गडी

जयनगरच्या झेरॉक्सच्या दुकानात मी अम्माच्या आधार कार्डाची प्रत काढायला थांबले होते, आणि मशीनमधून सारसकोट बाहेर आलं.

माझं सारसकोट! माझी तटबंदी, माझी विहीर... टेबलावर फासे टाकून खेळायच्या साहसखेळांसाठी मी अशा काल्पनिक गावांचे नकाशे काढते, इंटरनेटवर विकते. घेणारा प्रिंट काढतो, पानं चिकटवतो नि खेळतो. चामराजपेटच्या आमच्या माडीवर बसून मी तीन वर्षं हेच करत होते, पण तो खेळ कधी खेळले नव्हते. त्याला माणसं लागतात. ती माझ्याकडे कधी जमलीच नाहीत.

प्रिंट काढून घेणारा तरुण मोडक्या कन्नडमध्ये दुकानदाराला बजावत होता, "दुसरी फाईल उघडू नका!" तेवढ्यात पानं खाली पडली. "अरेच्चा!"

मराठी! मी वाकून पानं उचलली.

"ही विहीर दोन पानांत कापली जाते. सांभाळून चिकटवा."

"तुम्हाला कसं माहीत?"

"मीच खोदलीय."

त्याचे कान लाल झाले. मग शेजारी उभ्या-उभ्या कॉफी झाली. त्याचं नाव पुष्कर, पुण्याचा, नोकरी नि खोली हेब्बाळला. "दर रविवारी आमचा पाच जणांचा ग्रुप खेळतो," असं सांगताना त्याचे डोळे असे चमकले, की मला त्या पाच जणांचा हेवाच वाटला.

"मला येऊ द्या ना एकदा. स्वल्प बघते फक्त."

"हो... बघू ना."

पुढे दर शनिवारी आम्ही भेटू लागलो. 'अहो'चं 'अगं' झालं. रस्ता ओलांडताना त्याचा हात माझ्या कोपराशी यायचा, टेकायचा मात्र नाही. पण रविवार आला, की निरोप – आज एक जण आजारी, आज दोघं गावाला. मला वाटलं, याला मित्रांत मला न्यायचंच नाही. रविवारची दुपार मग माडीवर फार लांबायची.

पाचव्या शनिवारी मी विचारलंच, "खेळ चालवतं कोण?"

"मी."

"मग दुसरी फाईल का उघडत नाहीस?"

प्रत्येक नकाशाच्या मी दोन फायली देते. एक खेळाडूंसाठी, गुपितं पुसलेली. दुसरी खेळ चालवणाऱ्यासाठी – तिच्यात चोरदरवाजे, सापळे, सगळं असतं. ती पाहिल्याशिवाय खेळ चालवणार कसा?

पुष्कर कपातली कॉफी नुसता हलवत राहिला.

"ग्रुप नाहीये गं. पाचही गडी मीच खेळतो. दारामागं काय आहे, ते फासे टाकून ठरवतो. आधीच कळलं, तर... रविवार सरत नाही."

"खोटं का बोललास?"

"तू इतकं सुंदर गाव उभारलंस. त्यात एकटाच फिरतो, हे कसं सांगू?"

मला राग यायला हवा होता. आला नाही. मी उठून सरळ बस पकडली. त्याला वाटलं, संपलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी हेब्बाळला त्याची बेल वाजवली. काखेत दुसऱ्या फाईलची गुंडाळी होती. खोलीत एकच खुर्ची. ती मला देऊन तो पालथ्या बादलीवर बसला. मधे सारसकोट, त्यावर पाच इवल्या सोंगट्या.

"वल्लरी, तुला सगळी गुपितं माहीत आहेत. तू कशी खेळणार?"

"मी चालवणार. तू खेळ." मी माझी गुंडाळी उलगडली. "सारसकोटची वेस बंद आहे. आत कुणाची तरी पावलं वाजतायत. काय करता?"

त्यानं चार सोंगट्या बाजूला ठेवल्या. पाचवी दाराशी सरकवली.

"हा एकटाच जातो... आणि विचारतो, आत जे कोण आहे, ते पुढच्या रविवारीही असेल का?"

मी माझ्या प्रतीत पाहिलं. तिथं असलं काहीच लिहिलेलं नव्हतं.

"असेल," मी म्हणाले.